काचेची तार

माझ्या मोठ्या भावाच्या जिभेला कर्करोग निघाला तेव्हा तो बासष्ट वर्षांचा होता आणि मी त्रेपन्नाचा. त्याची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून झाली. वहिनी गेल्यावर तो नागपूरला मुलीकडे राहायला गेला. मी आंबागडलाच राहिलो. घरची धानाची शेती आहे, आणि तुमसरच्या रस्त्यावरच्या एका राइस मिलमध्ये मी वजनकाट्यावर बसतो.

दिवाळी आटोपल्यावर डॉक्टरांनी पुतणीला सांगितलं की जीभ काढावी लागेल. अर्धी की पूर्ण, ते ऑपरेशनच्या टेबलावरच ठरेल. बोलणं राहील असं धरून चालू नका. ऑपरेशनची तारीख मिळाली ती एकवीस दिवसांनंतरची, शुक्रवारची. मी कॅलेंडर काढून दिवस मोजले. भावाचा आवाज आणखी एकवीस दिवस ऐकता येणार होता.

कारण शोधायला लांब जायला नको. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा तो दिवसाला सहा वेळा खायचा, आणि ते चौतीस वर्षं. मी त्याला अनेकदा टोकलं. तो म्हणायचा, "खांबावर चढल्यावर हात दोन्ही गुंतले राहतात बाबू, तोंडच तेवढं रिकामं असते."

आमच्या गावात मोबाइल नीट लागत नाही. किल्ल्याची टेकडी टॉवरच्या आड येते. अंगणाच्या एका कोपऱ्यात दोन दांड्या दिसतात, घरात शिरलं की एकही नाही. म्हणून त्याच आठवड्यात मी केबलवाल्याला बोलावून फायबरची लाइन घेतली. त्याने घराबाहेरून केसाएवढी बारीक काचेची तार काळ्या आवरणातून आत आणली, भिंतीवर पांढरा डबा ठोकला, वीज गेली तर चालावा म्हणून त्याला छोटी बॅटरी जोडली आणि निघताना आयपी, राउटर, बँडविड्थ असे पाच-सात शब्द बोलून गेला. मला न समजलेली वस्तू घरात ठेवायची सवय नाही. काट्याचं मशीन नवीन आलं तेव्हाही मी त्याची पुस्तिका दोनदा वाचली होती. त्या दिवशी दुपारी चारला भावाला व्हिडिओ कॉल लावला आणि तब्येतीचं विचारायच्या ऐवजी हेच विचारलं, "दादा, हे आयपी काय असते?"

त्याचा चेहरा बदललेला मला दिसला. दोन महिने सगळे त्याला फक्त दुखते का, जेवला का, एवढंच विचारत होते.

"पत्ता असते तो," तो म्हणाला. "तुह्या फोनले तो पांढरा डबा एक पत्ता देते. कायमचा नाही. वापरून झाला का वापस घेते, दुसऱ्याले देते."

"मग माझ्या फोनचा कायमचा नंबर?"

"तो वेगळा. कारखान्यातून कोरून येते. त्याले मॅक म्हणते. तू जसा तू आहे, कुठंही गेला तरी. पण आज तू घरी आहे, उद्या मिलमध्ये, तं चिठ्ठी कुठं पाठवायची? म्हणून आयपी. समजलं का गुरुजी?"

मी गुरुजी कधीच नव्हतो. लिहून घेतो म्हणून तो लहानपणापासून मला तसं चिडवायचा. मी माझ्या मुलीची जुनी शंभर पानी वही घेतली होती आणि पहिल्या पानावर लिहिलं: पत्ता तात्पुरता, ओळख कायमची. त्याखाली कॉल किती वेळ चालला तेही लिहिलं. बावीस मिनिटं.

मिलमधून परतल्यावर रोज चारला कॉल करायचा असं ठरलं, आणि दुसऱ्या दिवशी राउटर झाला. त्याच्या नोकरीच्या सुरुवातीला तुमसरच्या एक्सचेंजमध्ये बाई बसायच्या. फोन उचलला की त्या विचारायच्या, कुठं लावू, आणि हाताने दोरी खोचून द्यायच्या. "तेच काम हा डबा करते," तो म्हणाला. "घरातले चार फोन एकीकडे, सारी दुनिया दुसरीकडे, आणि हा मधात बसून पायते कोनाचं कोनाले द्यायचं. घरातल्या घरातलं जाळं म्हणजे लॅन. बाहेरचं म्हणजे वॅन. वाय-फाय म्हणजे फक्त तुह्या फोनपासून या डब्यापर्यंतचा रस्ता, बिनातारेचा. लोकं वाय-फायले इंटरनेट समजते. नाही. वाय-फाय घरातलं अंगण आहे. इंटरनेट फाटकाच्या बाहेर."

नावावरून नंबर शोधणारी डीएनएस नावाची व्यवस्था त्याने त्याच बाईंवरून समजावली. लोक नंबर सांगायचेच नाहीत. नुसतं म्हणायचे, डॉक्टरकडे लावा, मिलमध्ये लावा. बाईंना सगळं तोंडपाठ. आपण जागेचं नाव टाइप करतो, पण यंत्राला आकडाच लागतो, म्हणून कुणीतरी नावाचा आकडा करून द्यावा लागतो.

माझी बायको स्वयंपाकघराच्या दारात डोक्यावर पदर घेऊन उभी राहायची आणि ऐकायची. भासऱ्यांसमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, ती आयुष्यात कधी मोठ्याने बोलली नाही. एकदा मला हळूच म्हणाली, "त्याईले बोलू द्या ना जी. तुम्हीच विचारून राहिले सारखे." ते भावाला ऐकू गेलं. तो म्हणाला, "विचारू दे, तिले सांग. शाळेत यानं एकही प्रश्न विचारला नव्हता. आता साऱ्यांचा हिशेब काढून राहिला."

हसताना त्याला दुखायचं. तो गालावर हात धरून हसायचा.

आता सांगतो ते मला तेव्हाही कळत होतं. आम्ही दोघे नेटवर्क शिकत नव्हतो. बोलायला दुसरं काही सापडत नव्हतं. आमच्या घरात भाऊ-भाऊ जेवायला बसले की पाऊस, धान आणि रस्ता एवढंच बोलायचे. तू नसशील तेव्हा, किंवा तुझं बोलणं नसेल तेव्हा, असं वाक्य आमच्यापैकी कुणालाच सुरू करता येत नव्हतं. म्हणून मी राउटरबद्दल विचारायचो आणि तो सांगायचा, आणि बावीस मिनिटं निघून जायची.

पॅकेटची गोष्ट त्याने माझ्याच कामातून काढली. "शंभर पोती धान एका झटक्यात जाते का?" त्याने विचारलं.

"नाही. गाडी-गाडीनं जाते."

"अन् पोत्यावर?"

"खडूनं नंबर टाकतो."

"बस. मी बोललो का त्या बोलण्याचे तुकडे होते. हर तुकड्यावर नंबर, कुठून आला, कुठं जाते. कोनी भंडाऱ्याकडून येईन, कोनी रामटेककडून. तिकडे पोचल्यावर नंबरानं लावून घेते. फोटो पाठवला अन् मधातलं पोतं हरवलं, तं तुहा फोन म्हणते, सत्तावन नंबर आला नाही, वापस पाठव. पण बोलण्यात तसं करत नाही."

"काहून?"

"थांबून राहिलं तं बोलणं मागं पडते ना. म्हणून हरवलं ते सोडून देते. तेवढा शब्द गेला तो गेला. पुढचं ऐकायचं."

मी ते जसंच्या तसं लिहून घेतलं नाही. शुद्ध करून लिहिलं: संभाषणात गमावलेला अंश पुन्हा मागितला जात नाही. ती वही आज उघडली तर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत अशीच भाषा आहे. त्याच्या बोलीतला एकही शब्द तिच्यात नाही. लिहायचं म्हणजे पुस्तकासारखं, हे आम्हाला शाळेत इतकं पक्कं शिकवलं होतं की दुसरं काही सुचलंच नाही. त्याचा आवाज भरूनही ठेवला नाही. जिवंत माणसाचा आवाज राखून ठेवणं मला अशुभ वाटलं. मुलीने सांगितलं होतं, बाबा, रेकॉर्ड करा. मी तिला रागावलो.

पुढे कॉल लहान होत गेले. एकोणीस मिनिटं, सोळा, चौदा. शब्द जाड यायला लागले. त्याला वाटायचं लाइन खराब आहे, किंवा तो तसं दाखवायचा. "पाय बरं, पिंग किती येते," तो म्हणायचा. पिंग म्हणजे पलीकडच्या यंत्राला नुसती हाक मारायची आणि ओ यायला किती वेळ लागला ते मोजायचं. खांबावर चढून एक्सचेंजला फोन लावून "आवाज येते का" म्हणायचे, तेच. मी मोजून सांगायचो, अडतीस. सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले अडतीस. तो म्हणायचा, "मंग लाइन तं चांगली आहे." लाइन कायम चांगलीच होती.

बँडविड्थ आणि हा उशीर यांत मी गोंधळ करायचो, तेव्हा तो चिडला. "काट्यावर एका वेळी किती गाड्या उभ्या राहते ते बँडविड्थ. एक गाडी तुमसरहून नागपूरले पोचायले किती वेळ लावते तो उशीर. रस्ता दहापदरी केला तरी नागपूर जवळ येत नाही, समजलं?"

समजलं, मी म्हणालो.

एकदा पुतणीने सुचवलं की बाबांना बोलायचा त्रास होतो, तर काका, तुम्ही बोललेला निरोप पाठवत जा, ते जमेल तसं उत्तर भरून पाठवतील. त्याने साफ नकार दिला. त्यांच्या डेपोत पूर्वी वॉकी-टॉकी होते. एकाने बटण दाबलं की दुसऱ्याला ऐकत बसावं लागायचं. त्याला हाफ डुप्लेक्स म्हणतात, आणि टेलिफोनवर दोघं एकाच वेळी बोलू शकतात त्याला फुल डुप्लेक्स. "मधात टोकता आलं पायजे," तो म्हणाला. "मधात टोकता येत नाही ते बोलणं कायचं? तं चिठ्ठी झाली."

एक गोष्ट राहिली, ती आमच्या घरच्या रिवाजाची. भावाने खूप वर्षांपूर्वी घरी टेलिफोन आणला तेव्हा दुसऱ्याच महिन्यात वीज पडून तो जळाला. तांब्याची तार वीज खेचून घरात आणते. तेव्हापासून त्याने नियम घालून दिला: आभाळ गरजलं की पहिले तार काढायची, हाताला चार वेटोळी घालून गुंडाळायची आणि खिळ्याला टांगायची. तो घरी नसला तरी आम्ही तसंच करत आलो. गरजायला लागलं की घरातलं कुणीही ओरडतं आणि जो जवळ असेल तो धावतो. टीव्ही आला, त्याचीही तार काढली. हाताला आता विचार करावा लागत नाही.

फायबरबद्दल त्याने मला मुद्दाम सांगितलं होतं. "हे काच आहे. हिच्यातून उजेड जाते, वीज जात नाही. गरजलं तं फक्त बोर्डातली पिन काढ, डबा बॅटरीवर चालू राहीन. काचेले हात नको लावू. वाकवली तं तुटते." वहीच्या सातव्या पानावर ते आहे. खाली मी रेघही मारली होती.

ऑपरेशनच्या आधीच्या मंगळवारी कॉल नऊ मिनिटांचा झाला. शेवटी तो म्हणाला, "उद्या शिकवणी बंद."

"का?"

"बंद म्हणजे बंद. उद्या नुसतं बोलू."

मी हो म्हटलं. रात्रभर मी विचार करत राहिलो की उद्या काय बोलायचं. मी गुरुवारी नागपूरला निघणार होतो. त्याआधी निघता आलं असतं, पण धान कापलेलं होतं. शेताच्या सहा तुकड्यांत, सहा बांध्यांत, कापलेला कडपा पसरला होता आणि पावसाचा अंदाज होता. तो भिजला तर कोंब फुटतात. कडपा बांधून, पेंढ्यांचे ढीग रचून, म्हणजे पुंजणे घालून, मगच जायचं असं मी ठरवलं, आणि भावानेही तेच सांगितलं होतं. हे मी सबब म्हणून लिहीत नाही. होतं तसं लिहितो.

बुधवारी मी मिलमधून सुट्टी घेतली. दुपारी तीनला चार बांध्या आटोपल्या होत्या तेव्हा टेकडीच्या मागून आभाळ भरून आलं. ताडपत्री आणायला मी घरी धावलो. आत शिरलो आणि गरजलं. परसातून बायको ओरडली, "वायर काढा जी."

मी काढली. आधी बोर्डातली पिन, मग बॅटरी, मग डब्याच्या बुडाशी लावलेली काचेची तार. हाताला चार वेटोळी घातली आणि खिळ्याला टांगली. सगळं मिळून अर्ध्या मिनिटाचं काम. घड्याळात साडेतीनला दहा कमी होते. चारचा कॉल चुकेल हे माझ्या लक्षात आलं. आणि खरं लिहायचं तर मला थोडं हलकं वाटलं. आज नाही तर नाही, उद्या समोर बसूनच बोलू. समोर चार माणसं असतील, डॉक्टर असतील, तेव्हा नुसतं बोलायची वेळच येणार नाही. हे सगळं मी तेव्हा असं शब्दांत मांडलं नव्हतं. पण ताडपत्री खांद्यावर घेऊन शेतात जाताना मी हलका होतो, एवढं मला नक्की आठवतं.

पाच वाजता परतलो. पाऊस थांबला होता, वीज होती. मी तार खोचली, डबा चालू केला. फोनवर वाय-फायच्या दांड्या पूर्ण भरल्या, पण काहीच उघडेना. डब्यावर एक लाल दिवा लुकलुकत होता. एका महिन्यापूर्वी मी नुसता वैतागलो असतो. आता मला सगळं कळत होतं. फोन ते डबा, रस्ता ठीक. डब्याने पत्ता दिलेला आहे. घरातलं जाळं शाबूत. फाटकाबाहेरचा उजेड आत येत नाही. मी तार खिळ्याजवळ नीट पाहिली. जिथे वेटोळं घट्ट ओढलं होतं तिथे काळ्या आवरणावर बारीक चुण्या होत्या. आत काच तुटली होती.

केबलवाल्याच्या घरी गेलो. तो तार पाहून म्हणाला, "अशी कोनी गुंडाळते का काका? हे काय चऱ्हाट आहे का?" उद्या सकाळी येतो म्हणाला. अंगणाच्या कोपऱ्यातही पावसानंतर एक दांडी दिसेना. एका दिवसाने काय होतं, मी स्वतःशी म्हणालो. उरलेल्या दोन बांध्या उजेड होता तोवर बांधून घेतल्या.

गुरुवारी सकाळी तुमसरच्या बसमध्ये बसलो. टेकडी मागे पडली आणि खिशातला फोन थरथरायला लागला, थांबेचना. बुधवारी चार वाजल्यापासून रात्रीपर्यंत भावाचे अकरा कॉल आले होते. पुतणीचे सहा. मग तिचा निरोप: गुरुवारच्या पेशंटला ताप आला, ती जागा बाबांना मिळाली, आम्ही आत्ताच भरती होतो आहोत, सकाळी आठला घेणार, काका फोन उचला. त्याखाली: काकूंचाही लागत नाही. त्याखाली: बाबा विचारतात, लाइन गेली का. तेव्हा नऊला वीस कमी होते.

मी दुपारी बाराच्या सुमारास पोचलो. ऑपरेशन अडीचपर्यंत चाललं. जीभ पूर्ण काढावी लागली.

पहिले तीन दिवस त्याला अतिदक्षता विभागात ठेवलं. चौथ्या दिवशी वॉर्डात आणलं. गळ्याला श्वासाची नळी, नाकात अन्नाची नळी. पुतणीने शाळेच्या पोरांची पाटी आणून दिली होती. ती औषधं आणायला खाली गेली आणि आम्ही दोघेच उरलो. त्याने पाटीवर लिहिलं, "धान?"

"उचललं," मी म्हणालो. "सहाही बांध्यांचं. पुंजणे घातले."

त्याने मान हलवली. मग मी त्याला तारेचं सांगितलं. पिन काढली, बॅटरी काढली, काच गुंडाळून खिळ्याला टांगली, सगळं क्रमाने. त्याने दोन्ही डोळे मिटले आणि खांदे हलले. हसला असावा. हसल्यासारखा चेहरा होत नव्हता, म्हणून खात्रीने सांगता येत नाही. मग मी म्हणालो, "चार वाजता कॉल चुकणार हे मले माहीत होतं दादा. मले बरं वाटलं होतं."

पाटी त्याच्या पोटावर होती, खडू बोटांत होता.

"तू त्या दिवशी काय बोलणार होता?" मी विचारलं.

त्याने खडू उचलला. एक अक्षर काढलं, हाताने पुसलं. पुन्हा काढलं, पुन्हा पुसलं. मग पाटी माझ्याकडे सरकवली. तिच्यावर लिहिलं होतं, "तू बोल."

मी सुरुवात कशी केली ते मला आठवत नाही. बाबा गेले तेव्हा तू मला मिलच्या दारापर्यंत सोडायला आला होतास, तिथून काहीतरी. मग वहिनीचं. मग मी लहान असताना त्याच्या सायकलच्या मागे शिडी धरून बसायचो ते. तुझ्याशिवाय घरात मला कोणी टोकत नाही, हेही म्हणालो. वाक्यं तुटत होती आणि मी प्रत्येक वाक्यानंतर थांबत होतो, कारण त्याच्याशी बोलताना थांबायची सवय होती. तिथे तो काहीतरी टोमणा घालायचा. आता त्या जागा रिकाम्या जात होत्या. मी पुढचं वाक्य घ्यायचो.

मध्येच केव्हातरी त्याला झोप लागली. औषधाची असेल. खडू चादरीवर पडला. नर्स आली, तिने नळी तपासली आणि मला म्हणाली, "काका, ते झोपले आहेत." मला माहीत होतं. मी खुर्ची जराशी जवळ ओढली आणि उरलेलं बोलून संपवलं.